स्क्रीनवर २१६, रायफलीत १३२

टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणी सेकंडहँड बिग-बोअर, म्हणजे जाड गोळीची, एअर रायफल घेणार असेल, तर पैसे देण्याआधी हे पूर्ण वाचा. मला फसवणारा माणूस मराठी होता. गोड बोलणारा, यंत्रातलं सगळं जाणणारा आणि घरी चहा पाजणारा. त्याने रायफल डोळ्यांसमोर चालवून दाखवली, आकडा डोळ्यांसमोर दाखवला, आणि तरीही तो आकडा खोटा होता. हे कसं केलं ते मी सविस्तर लिहितोय, कारण ही युक्ती कुणावरही चालेल.

आपल्यातले बरेच जण एअर रायफलीकडे का वळतात ते आधी सांगतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने, काही अपवाद सोडता, बंदूक बाळगता येत नाही. एअर रायफल त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही, कारण तिच्यात दारू नसते, फक्त दाबलेली हवा असते. राज्यांचे कायदे मात्र वेगळे आहेत. न्यू जर्सीत एअर रायफलही बंदुकीतच मोजतात, तेव्हा तिथल्यांनी टेक्सासचं ऐकून काही करू नये. इथे टेक्सासमध्ये रानडुकरांनी शेतं पार खणून ठेवलेली असतात. २०१९च्या सप्टेंबरपासून जमीनमालकाची परवानगी असेल तर डुकराच्या शिकारीला लायसन्सही लागत नाही. माझं लहानपण विदर्भात गेलं. रात्रीतून तुरीचं शेत आडवं झालेलं पाहून वडील बांधावर बसून राहायचे, ते मी पाहिलंय. त्यामुळे एका ओळखीच्या रँचवाल्याने मदतीला बोलावलं तेव्हा मला ते काम मनापासून करावंसं वाटलं.

डुकरासाठी ताकदीची सक्ती नाही, पण हरणासाठी आहे. २०१८पासून टेक्सासमध्ये एअर रायफलीने हरीण मारता येतं, मात्र अट आहे. बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, किमान .३० इंच हवा, गोळी किमान १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि वेग सेकंदाला किमान ८०० फूट. नाहीतर वजन आणि वेग मिळून नळीच्या तोंडाशी किमान २१५ फूट-पाउंड ऊर्जा, म्हणजे गोळीची ताकद, तरी हवी. हा २१५चा आकडा नीट लक्षात ठेवा. विकणाऱ्याने सगळा डाव त्याच्याभोवतीच रचला होता.

रायफल .३५७ बोअरची, पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवायची. सोबत हवा भरायची कार्बन फायबरची मोठी टाकी आणि ‘खास हाताने वजन करून निवडलेल्या’ स्लगच्या, म्हणजे शिशाच्या भरीव गोळ्यांच्या, पिशव्या. सगळ्याचे मिळून १,१०० डॉलर. आधी फोटो आले, त्यात क्रोनोग्राफच्या, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, ॲपचा स्क्रीनशॉट होता: १४५ ग्रेन, वेग ८१९, ऊर्जा २१६. मी म्हटलं, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घेणार नाही. तो लगेच म्हणाला, “या की भाऊ, आपल्या माणसाला दाखवायला कसली हरकत? तुमच्यासमोर पाच मारून दाखवतो.”

गावाबाहेर त्याच्या मित्राची मोकळी जागा होती. त्याने खिशातला छोटा काटा काढला, एक स्लग माझ्या हातात दिला, काट्यावर ठेवायला लावला. १४५ ग्रेन. खरंच होतं ते. मग क्रोनोग्राफ लावला, रडारवाला, नळीच्या शेजारी ठेवायचा. फोन माझ्या हातात दिला आणि कमरेच्या पिशवीतून गोळ्या काढून स्वतः भरायला लागला. मी भरू का विचारलं, तर म्हणाला, “गोळी भरायचा ब्रीच कडक आहे हो, नवख्याचं बोट सापडतं.” पाच वेळा आवाज झाला, फोनवर पाचही वेळा २१५च्या आसपास किंवा वर आकडा आला. पन्नास यार्डांवरच्या कागदावर पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. “हरणाचा नियम २१५चा, आपली २१६ देते, बघा,” हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं.

पैसे ‘झेल’ने मागितले, म्हणजे बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवायच्या सोयीने. “दुसरे ॲपवाले असल्या वस्तूंना नाही म्हणतात,” असं कारण दिलं.

घरी येऊन मी रँचवर आधी कागदावर मारायचं ठरवलं. प्राण्यावर रोखण्याआधी त्याच रायफलीने, त्याच गोळीने, त्याच अंतरावर कागदावर मारून बघायचं, हा माझा नियम आहे, आणि तो सोडणार नाही. हंटर एज्युकेशनच्या वर्गातही हेच शिकवलं होतं. टाकीतली हवा ३,००० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) रायफलीत भरली, त्याच्या पिशवीतला स्लग घातला, माझ्या मित्राचा क्रोनोग्राफ लावला. वेग आला ६४०. पुन्हा भरून पुन्हा मारलं, तेवढाच. कागदावरची भोकं तर बघवत नव्हती. एक इकडे, एक तिकडे, आणि त्यातली काही लांबट. लांबट भोक म्हणजे स्लग हवेत सरळ न जाता आडवा होऊन कागदाला लागला.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला हवा कमी भरली असेल. मी आकडा सांगितला. मग म्हणाला थंडीमुळे. मग म्हणाला व्हॉल्व्हचं ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, बसायला वेळ लागतो, शंभरेक गोळ्या मारा. मग म्हणाला तुमचा क्रोनोग्राफ चुकतोय. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस जायचे. आता कळतं की ते दिवस घालवणं हासुद्धा त्याच्या धंद्याचाच भाग होता.

उलगडा झाला तो साध्या छर्ऱ्यामुळे. रायफलीसोबत .३५च्या छर्ऱ्यांचा अर्धा डबा आला होता, चेक बनावटीचा, ८१ ग्रेनचा. कंबर बारीक, मागे पोकळ घागरा असलेला तो डायबोलो आकाराचा छर्रा. नळीचाच दोष आहे का ते बघावं म्हणून तो घालून मारला. वेग ८१९ आणि भोकं एकाशेजारी एक. त्याने माझ्यासमोर मारले होते ते स्लग नव्हतेच, हे छर्रे होते. मग मी ॲपमधलं वजन ८१चं बदलून १४५ केलं आणि परत छर्रा मारला. स्क्रीनवर आलं: १४५ ग्रेन, ८१९, २१६. त्याच्या जाहिरातीतला स्क्रीनशॉट जसाच्या तसा.

हे समजून घ्या. क्रोनोग्राफ फक्त वेग मोजतो. गोळीचं वजन त्याला कळत नाही, ते माणूस ॲपमध्ये लिहितो, आणि ऊर्जा हे त्यावरचं नुसतं गणित असतं. सेकंदाला किती फूट त्याचा वर्ग करा, ग्रेनमधल्या वजनाने गुणा, ४,५०,२४० ने भागा, फूट-पाउंड मिळतात. १४५ आणि ८१९ घातले की २१६ येतात. खरं वजन ८१ घातलं की १२१च्या आत. आणि खरा स्लग, १४५ ग्रेन ६४० वेगाने, देतो १३२. रायफल एवढीच होती. तिच्यात बिघाड काही नव्हता, ती १३० फूट-पाउंडांच्या वर्गातली बऱ्यापैकी रायफल आहे आणि त्या मानाने निम्म्या किमतीची आहे. वेगाचा वर्ग होतो म्हणून लोकांचं सगळं लक्ष वेगावर असतं. वजनाकडे कुणी बघत नाही, आणि नेमकं तिथेच त्याने हात मारला. हातात खरा स्लग देऊन नजर तिकडे गुंतवायची आणि पिशवीतून दुसरंच काढायचं, हे जत्रेतल्या गारुड्याचं काम झालं.

मला राग पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तो आकडा खरा मानून मी हरणावर मारलं असतं, तर हरीण मेलं नसतं. जखमी होऊन झुडपात गेलं असतं आणि दोन-तीन दिवस तडफडलं असतं. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर तर कूर्चेची जाड ढाल असते, तिथे कमी ताकदीचा आणि आडवा जाणारा स्लग लागला तर जनावर पिसाळून अंगावर येतं. शिकारीच्या रायफलीचा आकडा खोटा सांगणं म्हणजे त्या मुक्या जनावराच्या यातनांवर पैसे कमावणं आहे.

आता स्लगबद्दल. छर्रा मागच्या घागऱ्यामुळे हवेत आपोआप सरळ राहतो, शिवाय तो घागरा हवेच्या दाबाने फुलून नळीत घट्ट बसतो. म्हणून तो बहुतेक नळ्यांना चालतो. स्लग भरीव असतो. त्याला सरळ ठेवतो तो नळीतल्या आट्यांनी, म्हणजे आतून कोरलेल्या वळणदार खाचांनी, दिलेला फिरकीचा वेग, आणि ती फिरकी मिळायला स्लग नळीच्या मापाचा असावा लागतो. मी नळीतून एक मऊ शिशाचा गोळा दांड्याने ढकलून बाहेर काढला आणि त्यावर उमटलेल्या आट्यांचं माप मायक्रोमीटरने घेतलं: .३५७. त्याच्या पिशवीतले स्लग निघाले .३५५. म्हणजे हवा बाजूने निसटणार आणि आटे नीट धरणार नाहीत. ‘निवडलेल्या’ वजनाचं म्हणाल तर काट्यावर १३८पासून १४९पर्यंत सगळं होतं. पिशवीवर ‘शुद्ध शिसं’ लिहिलेलं, पण नखाने ओरखडा उठेना. शुद्ध शिशावर सहज उठतो. गाड्यांच्या चाकांना लावतात तसल्या वजनांचं शिसं वितळवून ओतलेलं असावं, असं मला वाटतं. माझ्या हातात दिलेला स्लग तेवढा त्याने खरोखर निवडून ठेवला होता.

टाकीची गोष्ट याहून गंभीर आहे. कार्बन फायबरच्या टाकीत ४,५०० पीएसआय म्हणजे सुमारे ३१० बार हवा असते. अशा टाक्यांची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासणी करावी लागते, आणि नेहमीच्या टाक्यांचं आयुष्य पंधरा वर्षांचं असतं. त्यानंतर ती भरायचीच नाही. माझ्या टाकीवर तपासणीचं लेबल होतं, तारीख ताजी होती. पाणबुड्यांच्या टाक्या भरून देणाऱ्या डाइव्ह शॉपमधल्या माणसाने ते नखाने उचललं आणि ते निघून आलं. खरं लेबल इपॉक्सीच्या थराखाली पक्कं बसवलेलं असतं आणि त्यावर तपासणाऱ्या केंद्राचा क्रमांक असतो, एक अक्षर आणि तीन आकडे. तो क्रमांक संघराज्य परिवहन खात्याच्या यादीत शोधता येतो. माझ्या लेबलावरचा यादीत नव्हता. खालच्या मूळ लेबलावरून टाकीची पंधरा वर्षं केव्हाच उलटून गेलेली दिसली. ती टाकी माझ्या गाडीत, मुलांच्या सीटमागे ठेवून मी आणली होती. दुकानदाराने तिथेच हवा सोडून दिली आणि पुन्हा कुणी भरू नये म्हणून ती निकामी केली. त्याने तसं लिहूनही दिलं, तो कागद आता माझ्या फायलीत आहे.

म्हणून कुणी अशी रायफल दाखवली तर स्लग तुम्ही आणा, किंवा त्याच्या पिशवीतले पाच तुम्ही उचला, पाचही काट्यावर ठेवा आणि स्वतः भरा. बोट सापडत नाही. १४५ ग्रेन म्हणजे साधारण ९.४ ग्रॅम आणि ८१ ग्रेन म्हणजे सव्वापाच, स्वयंपाकघरातल्या चांगल्या डिजिटल काट्यावरही हा फरक कळतो. ॲपमधला वजनाचा रकाना उघडून बघा. हवा किती भरली ते गेजवर बघा आणि प्रत्येक गोळीचा वेग लिहून ठेवा, कारण दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत दाब उतरतो तसा वेगही बदलत जातो आणि विकणारा फक्त चांगला आकडा दाखवतो. विकणाऱ्याला यातल्या कशाचीही अडचण वाटली, तर तिथून निघा. तो कितीही ‘आपला’ असला तरी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच, की ‘लायसन्सशिवाय शिकारी एअर गन’ म्हणून कुणी काही विकत असेल तर ती सरळ फसवणूक आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलच्या वरची किंवा .१७७पेक्षा मोठ्या बोअरची एअर रायफल लायसन्सशिवाय ठेवता येत नाही. इथल्या २१५ फूट-पाउंडांचे सुमारे २९१ ज्यूल होतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच बंदी आहे. पिकांत डुक्कर शिरत असेल तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही.

पैशांचं सांगतो. झेलने स्वतः पाठवलेले पैसे बँक सहसा परत आणून देत नाही, माझ्याही बँकेने नाही म्हटलं. पण टेक्सासमध्ये डिसेप्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिसेस ॲक्ट, म्हणजे व्यवहारातल्या फसवणुकीविरुद्धचा कायदा आहे, १९७३चा. त्याखाली दावा करण्याआधी समोरच्याला तक्रार आणि रक्कम लिहून साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती मी रजिस्टर्ड पोस्टाने दिली आहे. वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात वकिलाशिवायही चालवता येतो. मी स्क्रीनशॉट, त्याचे सगळे मेसेज, माझ्या चाचणीचे व्हिडिओ आणि डाइव्ह शॉपचा कागद जमवून ठेवलाय.

नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला. “भाऊ, घरातल्या गोष्टी कोर्टात नेतात का?” मी त्याला एकच विचारलं, की हाच १४५, ८१९, २१६चा स्क्रीनशॉट त्याने ह्यूस्टनच्या एका मराठी गृहस्थांना दुसऱ्याच रायफलीच्या फोटोबरोबर कसा पाठवला. त्याने फोन ठेवला. त्या गृहस्थांनीही त्यांच्या टाकीचं लेबल तपासलं, तेही सोलून निघालं. त्यांना स्वतःची वेगळी नोटीस द्यावी लागेल, ती आम्ही मिळून लिहितोय. हा स्क्रीनशॉट आणखी कुणाला आला असेल, तर आधी टाकीतली हवा सावकाश सोडून द्या, मेसेज जपून ठेवा आणि मला कळवा.