ग्रानादा की कोर्दोबा? दक्षिण स्पेनसाठी दोनच रात्री उरल्या असतील तर

माद्रिद आणि बार्सेलोना बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. विमानाची तिकिटं तशीच निघतात. मग मधल्या दोन रात्रींवरून घरात चर्चा सुरू होते: आंदालुसियात उतरायचं तर ग्रानादा की कोर्दोबा? सेव्हियाला मी इथे मुद्दाम बाजूला ठेवलंय. ते मोठं शहर आहे आणि त्याला दोन रात्री पुरत नाहीत.

दोन्ही शहरं मी आईला सोबत घेऊन पाहिली आहेत. पुढचं सगळं त्या अनुभवावरून, म्हणजे पासष्टी ओलांडलेले गुडघे आणि शाकाहारी पोट यांच्या हिशेबाने लिहितोय. तुम्ही पंचविशीचे असाल आणि काहीही खात असाल, तर उत्तर कदाचित उलटंही येईल.

इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर ही जोडी फार सोयीची आहे. स्पेनमधल्या मुस्लिम सत्तेच्या गोष्टीची एक शहर सुरुवात सांगतं आणि दुसरं शेवट. दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्या खलिफांच्या घराण्याची अब्बासी या प्रतिस्पर्धी घराण्याने कत्तल केली, त्यातून निसटलेला एक राजपुत्र उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये पोहोचला आणि 756 मध्ये कोर्दोबाचा अमीर झाला. तो पहिला अब्दुर्रहमान. 929 मध्ये त्याच्याच वंशातल्या तिसऱ्या अब्दुर्रहमानने स्वतःला खलिफा जाहीर केलं. दहाव्या शतकातलं कोर्दोबा युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. ग्रानादाचं नासरी घराण्याचं राज्य उभं राहिलं ते बाकी सगळं हातचं जाऊ लागल्यावर. 1236 मध्ये कास्तिया या उत्तरेच्या ख्रिस्ती राज्याच्या तिसऱ्या फर्नांदोने कोर्दोबा घेतलं आणि त्यानंतर दोनच वर्षांनी पहिल्या मुहम्मदने ग्रानादात बस्तान बसवलं. 1246 मध्ये तो कास्तियाचा मांडलिक होऊन खंडणी भरू लागला. 1248 मध्ये याच फर्नांदोने सेव्हिया घेतलं तेव्हा वेढ्यात ग्रानादाची फौज त्याच्या बाजूने होती. या तडजोडीवर ते राज्य जवळपास अडीचशे वर्षं तगलं.

हे माहीत असलं की अल्हाम्ब्राच्या, म्हणजे ग्रानादातल्या नासरींच्या किल्ल्याच्या आणि महालांच्या, भिंती वेगळ्या दिसतात. ‘अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही’ हे नासरींचं ब्रीद तिथे शेकडो ठिकाणी कोरलंय. हे कोरून घेणारे लोक दरसाल शेजाऱ्याला सोनं मोजत होते. सिंहांचा चौक पाचव्या मुहम्मदच्या काळातला, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यातलं बरंचसं काम गिलावा, लाकूड आणि फरश्यांचं आहे, म्हणजे तशा स्वस्त सामानाचं. तरी मान वर करून छताकडे पाहिलं की तोंडून शब्द फुटत नाही. दार्रो नदीचं पाणी कित्येक किलोमीटर वरून कालव्याने वळवून त्यांनी डोंगरमाथ्यावर आणलं आणि चौकाचौकांत खेळवलं. सौंदर्याच्या निकषावर अल्हाम्ब्रा पुढे आहे, यावर मी वाद घालणार नाही.

कोर्दोबाची मेस्किता, म्हणजे तिथली जुनी मोठी मशीद, वेगळ्या जातीची. बाहेरून ती तटबंदीसारखी, जरा रुक्षच वाटते. आत गेलं की खांबच खांब, साडेआठशेच्या आसपास. 785 च्या सुमाराला काम सुरू झालं तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब गोळा करून वापरले. ते आखूड होते आणि सगळे सारख्या उंचीचेही नव्हते. छत वर न्यायचं कसं? म्हणून कमानीवर कमान, अशी दुमजली रचना केली. लाल वीट आणि फिका दगड आलटून पालटून. जगभर जिचे फोटो फिरतात ती नक्षी मुळात अडचणीवर काढलेला तोडगा आहे, हे मला फार आवडलं. पुढे खलिफा दुसऱ्या अल्-हकमने मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, बांधला. त्याच्या सोनेरी मोझेकसाठी बायझंटियमच्या सम्राटाने कारागीर पाठवल्याचं अरब इतिहासकार सांगतात. शेवटचा मोठा विस्तार अल्-मन्सूरचा, म्हणजे खलिफाच्या नावाने प्रत्यक्ष सत्ता चालवणाऱ्या कारभाऱ्याचा. दक्षिणेला नदी आड आली म्हणून त्याने इमारत पूर्वेला वाढवली आणि मिहराब मध्यावरून सरकला तो सरकलाच. या भागातल्या कमानींवर विटा नाहीत, दगडावर लाल रंग फासलाय. खलिफांचं काम आणि घाईत असलेल्या सत्ताधीशाचं काम एकाच छताखाली बघायला मिळतं.

आणि मध्येच उभं असलेलं कॅथेड्रल. काहींना तो घाव वाटतो, काहींना त्यामुळेच इमारत वाचली असं वाटतं. मी दोन्हीकडे थोडा थोडा आहे. 1523 मध्ये बिशप मानरिके यांनी मधले खांब पाडायला घेतले तेव्हा खुद्द कोर्दोबाच्या ख्रिस्ती नगरसभेने विरोध केला होता. पाडकामाला हात लावणाऱ्याला देहदंड, इथपर्यंत मजल गेली. निकाल बिशपच्या बाजूने दिला सम्राट पाचव्या कार्लोसने. नंतर इमारत पाहून तो हळहळला म्हणतात, पण ही दंतकथा असावी. कारण 1527 मध्ये याच कार्लोसने अल्हाम्ब्राच्या ऐन मध्यावर स्वतःचा रेनेसान्स राजवाडा काढला. तो कधी तिथे राहिला नाही आणि वाड्यावर पुरतं छत चढायला विसावं शतक उजाडलं. आतला गोल चौक मात्र देखणा आहे आणि तिथे जायला तिकीट लागत नाही. नासरी महालांची तिकिटं हुकलेल्यांनी निदान तेवढं तरी पाहावं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण माझा कल तिथे ठरला.

अल्हाम्ब्राचं तिकीट नावाचं असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, हे तुम्ही वाचलंच असेल. पण त्यावर नासरी महालांत शिरायची ठरलेली वेळ असते आणि त्या वेळेचा तुमच्या सबंध दिवसावर किती ताबा बसतो, हे तिथे जाईपर्यंत मला कळलं नव्हतं. दर अर्ध्या तासाला ठरावीक माणसं आत सोडतात. वेळ चुकली तर महाल गेले, मग उरलेल्या तिकिटावर बागा आणि किल्ला बघत बसा. आम्हाला मिळाली दुपारी अडीचची वेळ. स्पेनमध्ये दोन ते चार ही जेवणाची वेळ, बाराला कोणी धड जेवायला वाढत नाही. म्हणजे सकाळी हेनेरालिफेच्या बागेत घड्याळ बघत फिरलो, दोनला रांगेच्या दिशेने चालू लागलो आणि जेवण केलं साडेचारनंतर, तेही सँडविचवर.

एवढं चाललं असतं. आत गेल्यावर मात्र लोंढ्याबरोबर पुढे सरकायचं. कोमारेसच्या दिवाणखान्यात आई म्हणाली, “अरे, जरा टेकू दे की.” टेकायला जागा नव्हती. सिंहांच्या चौकातून पुढे गेल्यावर मला वाटलं, तो कोमारेसचा लाकडी घुमट घाईत पाहिला, परत जाऊन नीट बघावा. तशी सोय नाही. मार्ग एकदिशा आहे, पार्तालच्या बागेत बाहेर पडलात की पडलात. यात कुणाचा दोष काढता येणार नाही. इतकी माणसं मोकळी सोडली तर त्या गिलाव्याचं काय होईल ते दिसतंच आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर कदाचित तुम्हाला तेवढं पुरलंही असतं. मला मात्र एखादी गोष्ट आवडली की तिच्याकडे मागे वळून बघायची खोड आहे आणि ग्रानादा ती खोड पुरवत नाही.

कोर्दोबात सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ मेस्कितात फुकट जाता येतं. निदान आम्ही गेलो तेव्हा जाता येत होतं, तुम्ही निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या. टूरवाल्यांचे गट त्या तासात नसतात. साडेनऊच्या थोडं आधीच रखवालदार सगळ्यांना बाहेर काढतात, कारण नंतर प्रार्थना असते. आम्ही त्या तासात नुसते भटकलो, काहीही वाचलं नाही. बाहेर येऊन कॉफी घेतली, चौकशी केली, थोडं वाचून काढलं आणि दुपारी तिकीट काढून परत गेलो. सकाळी ऊन पूर्वेच्या बाजूने तिरपं येत होतं, दुपारी तोच भाग अंधारा होता आणि मिहराबची बाजू उजळली होती. अल्-मन्सूरच्या रंगवलेल्या कमानी मला दुसऱ्या फेरीतच ओळखू आल्या. आई एका खांबाशी बाकावर निवांत बसून राहिली. सगळी इमारत सपाट आहे, चढण म्हणून नाही.

चढणीचं निघालं म्हणून सांगतो. ग्रानादाचा आल्बाइसिन मोहल्ला सुंदर आहे, सान निकोलासच्या कट्ट्यावरून समोर अल्हाम्ब्रा आणि मागे सिएरा नेवादाचा बर्फ दिसतो तेव्हा माणूस सगळं विसरतो. पण गोट्यांच्या फरसबंदीवरून चाकाची बॅग ओढत तिथल्या हॉटेलपर्यंत जाणं ही वेगळीच गोष्ट. लहान बस जाते वर, तिचा उपयोग करा. उलट उन्हाळ्याच्या बाबतीत ग्रानादा सरळ जिंकतं. ते सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्री गार होतात. कोर्दोबा ग्वादाल्किविरच्या खोऱ्यात खाली बसलंय आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळीसच्या वर जाणं तिथे नेहमीचं. त्या दोन महिन्यांत जाणार असाल तर माझं बाकीचं म्हणणं सोडून द्या आणि ग्रानादाला जा.

खाण्याची तुलना थोडक्यात. ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट मिळतो, त्याचं कौतुक सगळीकडे ऐकाल. मांसाहारी असाल तर चंगळ आहे. पण काय द्यायचं ते बहुतेक ठिकाणी बारवाला ठरवतो आणि त्यात हाम (डुकराचं खारवलेलं मांस) किंवा मासा असण्याची शक्यता दांडगी. शाकाहारी आहोत हे आधी सांगितलं तर ऑलिव्ह किंवा बटाटे येतात. कोर्दोबात पैसे मोजावे लागतात, पण सालमोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं दाट गार सूप मिळतं. वर अंडं आणि हाम भुरभुरतात, ते नको म्हणून सांगायचं. आणि तळलेल्या वांग्याच्या कापांवर उसाची काळी काकवी. हो, आपली काकवीच. ऊस दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर अरबांनी नेला. आईने दोन दिवस दुसरं काही मागवलंच नाही.

ग्रानादाच्या पारड्यात आणखी दोन गोष्टी टाकायला हव्यात, नाहीतर अन्याय होईल. एक म्हणजे राजघराण्याचं चॅपल. 2 जानेवारी 1492 ला शेवटचा नासरी राजा बोआब्दिल याच्याकडून शहर ताब्यात घेणारे राणी इसाबेल आणि तिचा नवरा राजा फर्नांदो तिथे पुरलेले आहेत. वर संगमरवराचा थाट आणि खाली तळघरात साध्या शिशाच्या पेट्या. त्याच वर्षी 31 मार्चला ज्यूंच्या हद्दपारीचा हुकूम याच शहरातून निघाला आणि एप्रिलमध्ये जवळच्या सान्ता फेच्या छावणीत कोलंबसशी करार झाला. 1492 या एका सालात रस असेल तर ग्रानादाला पर्याय नाही. दुसरी गोष्ट लोर्का. तो कवी या परिसरातला आणि 1936 च्या ऑगस्टमध्ये शहराजवळच त्याला गोळ्या घातल्या. ज्यांनी त्याचं थोडं जरी वाचलंय त्यांना तिथल्या वाटा नुसत्या वाटा राहत नाहीत.

कोर्दोबाला जोड आहे मदीना अझाराची. शहराबाहेर आठेक किलोमीटरवर तिसऱ्या अब्दुर्रहमानने 936 पासून वसवलेली राजधानी, पाऊणशे वर्षांत लुटून जाळली गेली. अवशेषच आहेत, कल्पनाशक्ती लागते. मुलं कंटाळतील. सोमवारी बंद असतं. जुन्या ज्यू वस्तीतलं 1315 चं छोटं सिनगॉग मात्र दहा मिनिटांत होतं आणि ते सोडू नये. इब्न रश्द हा मुस्लिम आणि मायमोनिदेस हा ज्यू तत्त्वज्ञ, दोघेही याच शहरात जन्मले, दोघांचे पुतळेही तिथेच जवळपास आहेत.

जाण्यायेण्यात कोर्दोबा सोपं. माद्रिद ते सेव्हिया ही 1992 ची वेगवान रेल्वे त्यावरूनच जाते आणि माद्रिदहून दोन तासांच्या आत पोहोचवते. ग्रानादाला वेगवान गाडी 2019 मध्ये आली, तिला साडेतीन तासांच्या आसपास लागतात आणि गाड्याही कमी आहेत.

मला पुन्हा दोन रात्री मिळाल्या तर मी कोर्दोबाला उतरेन. तुम्ही ग्रानादा निवडलंत तर विमानाच्या आधी अल्हाम्ब्राचं तिकीट बघा आणि सकाळची सगळ्यात पहिली वेळ घ्या, म्हणजे जेवण तरी हातचं जाणार नाही. कोर्दोबा निवडलंत तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात अंगणांचा उत्सव असतो. अंगणं बघण्यासारखी असतात, पण हॉटेलं त्या दिवसांत भलती महाग होतात. एप्रिलच्या मध्यावर गेलात तर नारिंगीची झाडं फुललेली असतात आणि खोली परवडते.