कामशेतहून दर रविवारी शिवाजीनगर : जपानीच्या वर्गाचा वर्षभराचा अनुभव

तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर बऱ्याचदा जपानीत टिपा असतात, म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये शिवाजीनगर भागातील एका खासगी संस्थेत रविवारच्या जपानी वर्गाला प्रवेश घेतला. वर्ग साडेतीन तासांचा असतो, मध्ये चहापुरती सुट्टी. हाच अभ्यासक्रम ऑनलाइनही होता आणि त्याची फीही कमी होती. त्यामुळे घरी बसून शिकता येत असताना कामशेतहून लोकलने जाऊन शिकणे कितपत परवडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे लिहीत आहे.

पैशांच्या दृष्टीने प्रवास जवळपास नगण्य आहे. लोणावळा ते पुणे हा संपूर्ण 64 किलोमीटरचा मार्ग लोकलने पंधरा रुपयांत होतो, आणि कामशेत तर त्याच्या अलीकडे. मासिक पास मात्र आठवड्यातून एकदा जाणाऱ्याने काढू नये. महिन्याच्या चार रविवारांत आपले आठच प्रवास होतात आणि पास तेवढ्या तिकिटांपेक्षा महाग पडतो. खरा खर्च वेळेचा आहे. या मार्गावर लोकल मुंबईसारख्या एकामागून एक येत नाहीत, दुपारी तर त्या फारच विरळ असतात आणि रविवारी काही फेऱ्या धावतच नाहीत. सकाळची सोयीची गाडी चुकली की वर्गाचा पहिला भाग बुडालाच, म्हणून वर्गाच्या पाऊण तास आधी पोहोचवणारी गाडीच मी कायमची ठरवून टाकली. येण्याजाण्याचे दोन-सव्वादोन तास, थांबण्याचा वेळ आणि स्थानकापासूनची पायपीट धरली, तर साडेतीन तास शिकण्यासाठी जवळजवळ तेवढाच वेळ रस्त्यात जातो. वर्ग दीड तासाचा असता, तर हा व्यवहार मी कोणालाही सुचवला नसता.

गर्दीच्या बाबतीत मात्र आमच्या बाजूच्या माणसाचे नशीब चांगले आहे. पावसाळ्यात लोहगड, भाजे आणि लोणावळ्याला निघालेली पुण्याची मंडळी सकाळी वर जाणाऱ्या गाड्या भरून टाकतात आणि संध्याकाळी खाली येणाऱ्या. माझा प्रवास दोन्ही वेळा उलट दिशेने, त्यामुळे वडगावनंतरही बसायला जागा मिळते. या तासाभरात लिहिण्याचा नाद मी लवकरच सोडला, कारण हलत्या डब्यात अक्षर बिघडते आणि बिघडलेलेच हाताला वळण लागते. ऐकण्याचा सराव मात्र उत्तम होतो. प्रचलित पाठ्यपुस्तकाच्या प्राथमिक दोन भागांत मिळून 50 धडे आहेत. त्यांतील आठवड्याच्या धड्याचे संवाद जाताना दोनदा ऐकून झालेले असले, की वर्गात शिक्षिकांचा वेग जड जात नाही.

आता मूळ मुद्दा. वर्गात बसून जे मिळते ते घरी मिळाले असते का? शब्दसंग्रह आणि व्याकरण निश्चितच मिळाले असते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे, नामाला मागून प्रत्यय लागणे, या गोष्टी मराठी माणसाला नव्या नाहीत. आमच्या शिक्षिका विभक्तीचा आधार घेऊन त्या समजावतात, आणि तेवढे स्पष्टीकरण पडद्यावरूनही पुरते. हस्ताक्षराचे तसे नाही. कांजी म्हणजे जपानीतील चिनी वळणाची चित्राक्षरे लिहिताना प्रत्येक रेघेचा क्रम ठरलेला असतो, आणि ती रेघ शेवटी जागच्या जागी थांबवायची, तिला हुकासारखा छोटा आकडा द्यायचा की फराटा ओढून सोडायची, हेही ठरलेले असते. मोबाइलवरच्या माझ्या अॅपला साधारण आकार जुळला की पुरे होते. शिक्षिका मात्र वहीवर वाकून, जिथे आकडा हवा होता तिथे लाल पेनाने एवढासा ठिपका देतात आणि तीच ओळ पुन्हा लिहायला लावतात. पुढे पर्यवेक्षकांनी हाताने घाईत लिहिलेल्या टिपा वाचताना या रेघांच्या टोकांचा मला जेवढा उपयोग झाला, तेवढा छापील तक्त्यांचा झाला नाही.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. तिच्या सर्वांत सोप्या, एन फाइव्ह पातळीवर 180 पैकी 80 गुणांना उत्तीर्ण करतात, पण ऐकण्याच्या 60 पैकी किमान 19 गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच वाजते. घरी आपण सवयीने मागे नेऊन पुन्हा ऐकतो. वर्गात पंखा घरघरत असतो, शेजारचा पाने उलटत असतो आणि शिक्षिका काही केल्या दुसऱ्यांदा वाजवत नाहीत. डिसेंबरात मी एन फाइव्ह दिली, तेव्हा ऐकण्याच्या भागाची धास्ती वाटली नाही ती यामुळेच. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, म्हणून अनेक वर्ग संभाषणाला हात लावत नाहीत. आमच्याकडे दर रविवारी जोड्या करून अर्धा तास बोलून घेतात, हे मला फीपेक्षा मोलाचे वाटते.

तक्रारीही आहेत. दिवाळीनंतर दोन बॅच एकत्र केल्या आणि बाकांवर दाटी झाली. त्या महिन्यात प्रत्येकाच्या वाट्याला येणारे बोलणे निम्म्यावर आले. त्याहून त्रासाची बाब म्हणजे वर्ग रद्द झाल्याचा निरोप दोनदा रविवारी सकाळी आला, आणि त्यातला एक वाचला तेव्हा माझी गाडी देहूरोडला उभी होती. कोथरूडच्या विद्यार्थ्याला अशा निरोपाचा फारसा त्रास होत नाही, आमचा मात्र अख्खा रविवार जातो. सांगितल्यावर आता आदल्या संध्याकाळी कळवतात, हे नोंदवले पाहिजे.

पुढच्या पातळीचे, म्हणजे एन फोरचे धडे संपेपर्यंत मी हा वर्ग चालू ठेवणार आहे. त्यानंतरच्या एन थ्रीला वाचनाचा वेगळा विभाग होतो आणि कांजींची संख्या बरीच वाढते. तो भाग मुख्यतः एकट्याने घोकण्याचा असल्याने तेव्हा ऑनलाइन बॅच घेऊन महिन्यातून एखाद्या रविवारी संभाषणापुरते पुण्यात यावे, असा विचार आहे. मावळातून किंवा दौंडच्या बाजूने येणाऱ्यांनी फी भरण्यापूर्वी कार्यालयात एवढे विचारून घ्यावे : बॅचमध्ये जास्तीत जास्त किती विद्यार्थी घेणार, वर्ग रद्द झाल्यास केव्हा कळवणार आणि बुडालेला वर्ग रविवारीच भरून देणार की आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आठवड्यात’ असे आले, तर कारखान्यातून सुटून शिवाजीनगर गाठणे आपल्याला जमणार नाही, हे तिथेच सांगावे.