नाशिकच्या बाईने ग्रीक देव्या वाचल्या तर: गॉडेसेस इन एव्हरीवुमन

लेक जूनमध्ये पुण्याला होस्टेलला गेली आणि मी दोन महिने मुगाची खिचडी सोडून घरात काही म्हणजे काही केलं नाही, नवरा बिचारा बोलला नाही पण तोंड बघण्यासारखं होतं. तेव्हा मैत्रिणीने हे पुस्तक हातात ठेवलं. जीन शिनोडा बोलेन यांचं, १९८४ चं. बाई सायकायट्रिस्ट, मानसशास्त्रज्ञ युंगच्या पठडीतल्या. ग्रीक पुराणातल्या सात देव्या घेतल्यात आणि प्रत्येक बाईच्या आत त्यातली कोण जोर करते, कोण दबून बसलीय, हे सांगितलंय.

मी आधी डिमिटर उघडली, धान्याची देवी. तिची पोर पर्सेफोनी पाताळात पळवून नेतात आणि ही रागाने-दुःखाने शेतात दाणाच उगवू देत नाही, सगळी पृथ्वी उपाशी! म्हणजे माझी खिचडी नुसता आळस नव्हता तर. आधी हसले, मग रडले पण. जिचं सगळं आईपणातच असतं ती मुलं बाहेर पडली की कोलमडते, तिने मग स्वतःचीही आई व्हायला शिकायचं, असं बोलेनबाईंचं म्हणणं. हे एक प्रकरण वाचलं तरी पैसे वसूल.

अथीनाही भारी, देवांचा राजा झ्यूसच्या डोक्यातून चिलखतासकट जन्मलेली बापाची लेक, कायम पुरुषांच्या बाजूने बोलणारी (ऑफिसातल्या एक मॅडम आठवल्या, नाव नको). हेराचं, म्हणजे झ्यूसच्या बायकोचं, मात्र कंटाळवाणं वाटलं, नवरा नवरा नवरा. सासू हवी असेल तर अ‍ॅफ्रोडाइटीच्या, म्हणजे प्रेमाच्या देवीच्या, प्रकरणात सायकी नावाच्या मुलीची गोष्ट वाचा, होणारी सासू म्हणजे ही देवीच तिला चार कामं लावते आणि पहिलं काम काय, तर मिसळलेलं धान्य निवडणं!! चौथ्या कामात मदत मागणाऱ्यांना नाही म्हणायचं असतं, ते मला अजून जमत नाही.

शेवटी ह्या सगळ्या देव्यांची आत एक कमिटी असते म्हणे, प्रत्येकीचं ऐकायचं पण खुर्ची आपण सोडायची नाही. आमच्या भिशीत दर महिन्याला हेच चालतं, फक्त खुर्ची कोणाची ते ठरत नाही.

तक्रार एकच पण मोठी. देव्या सगळ्या ग्रीक. मी राहते तपोवनाच्या अलीकडे, जिथे लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणतात, आणि त्या नाकावरूनच गावाचं नाव पडलं असं आपण पाहुण्यांना हसत हसत सांगतो. पुस्तक वाचल्यावर परवा पाहुणे घेऊन गेले तर ते वाक्य तोंडातून निघेना. बाईने आपणहून लग्नाचं विचारलं आणि नाक गेलं, तिला सातातल्या कुठल्या खणात बसवायचं? अ‍ॅफ्रोडाइटीत बसवून बघितलं, नाही बसली. आणि वणीची अठरा हातांची सप्तशृंगी तर ह्या सातजणींना एकटी पुरून उरेल.

म्हणून माझं मत, हे जरूर वाचा पण राशिभविष्यासारखं नको, "मी आर्टेमिस ना, शिकारीची देवी, मला स्वयंपाक जमत नाही" असलं. आणि सोबत इरावती कर्वेंचं युगान्त ठेवा, कुंती, गांधारी, द्रौपदी कुठलंही लेबल न लावता नुसती माणसं म्हणून समोर येतात.

इंग्रजी सोपं आहे, अधूनमधून मोबाइलवर अर्थ बघावा लागतो इतकंच. माझी कॉपी सध्या भिशीत फिरतेय, तिसऱ्या घरी अडकलीय.