यात्रेची गर्दी मोजायला डिटेक्टर घ्यावा की घनता-नकाशा?

कॅमेरा खांबावर चढला, चित्र यायला लागले, आता त्यातून आकडा कसा काढायचा? इथे दोन वाटा फुटतात. पहिली योलोसारख्या डिटेक्टरची, म्हणजे चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या मॉडेलची. तो प्रत्येक माणसाभोवती चौकट काढतो आणि चौकटी मोजल्या की संख्या मिळते. दुसरी घनता-नकाशाची. लेम्पित्स्की आणि झिसरमन यांनी २०१० मध्ये मांडलेली ही कल्पना २०१६ चे एमसीएनएन आणि २०१८ चे सीएसआरनेट या मॉडेलांनी न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी जाळ्यावर आणली. प्रत्येक डोके म्हणजे एक पुसट ठिपका, ठिपक्याची बेरीज १, आणि साऱ्या पिक्सेलांची बेरीज म्हणजे माणसे. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा असो, अमळनेरला बोरीच्या पात्रात भरणारी वैशाखातली यात्रा असो की जळगावचा रथ असो, निवड याच दोहोंतून करावी लागते.

डिटेक्टरचे पारडे जिथे जड आहे ती जागा आधी सांगतो. दर्शनबारीचे दार. दारावर साडेतीन-चार मीटर उंचीवर कॅमेरा जवळजवळ सरळ खाली बघणारा लावला, माणसे एकामागे एक किंवा फार तर दोन-दोन जात असली, तर चौकटी एकमेकींवर चढत नाहीत. बाइटट्रॅकसारखा ट्रॅकर, म्हणजे तोच माणूस चित्रामागून चित्रात ओळखत राहणारा प्रोग्राम, जोडायचा, जमिनीवर एक रेघ कल्पायची, ओलांडली की एक मोजायचा. यासाठी सेकंदाला निदान ८ ते १० फ्रेम (चित्रफितीतली सुटी चित्रे) लागतात, नाहीतर झपझप चालणारा माणूस दोन फ्रेमांमध्ये ओळख हरवतो. एक मात्र ध्यानात ठेवावे. ‘आत आले वजा बाहेर गेले’ या हिशेबातली चूक दिवसभर साठत जाते. रात्री मंदिर बंद झाल्यावर आकडा हाताने शून्यावर आणला नाही, तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या सभामंडपातही माणसे दिसू लागतात.

मोकळ्या मैदानावर किंवा रथाच्या रस्त्यावर मात्र डिटेक्टर एका गोष्टीने फार त्रास देतो, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. गर्दी दाटली की त्याचा आकडा खाली येतो.

कारण साधे आहे. एकाच माणसावर डिटेक्टर अनेक चौकटी काढतो. त्यातली चांगली ठेवून बाकीच्या फेकायचे काम एनएमएस नावाची पायरी करते. दोन चौकटी एका मर्यादेहून जास्त एकमेकींवर असल्या, की कमी खात्रीची चौकट नक्कल समजून काढली जाते. योलोच्या योलोव्ही५ या आवृत्तीत ही मर्यादा मुळात ०.४५ असते, योलोव्ही८ मध्ये ०.७. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसांच्या, पुढच्याच्या पाठीआड निम्म्या झाकलेल्या माणसांच्या चौकटी खरोखरच एकमेकींवर असतात. म्हणजे खरा माणूस नक्कल ठरून गळतो. मर्यादा वाढवली तर सकाळच्या विरळ गर्दीत एकच माणूस दोनदा मोजला जातो. सकाळी नऊला आणि दुपारी बाराला दोन्हीकडे चालेल असा एकच आकडा काही सापडत नाही.

त्यात चित्राच्या आकाराची भर. १९२० रुंदीचे चित्र मॉडेलात जाताना ६४० होते, म्हणजे एकतृतीयांश. लांबचे २४ पिक्सेलचे डोके ८ पिक्सेलचे उरते आणि मॉडेलच्या सर्वांत बारीक जाळीचे घरही ८ पिक्सेलचेच असते. शिवाय योलोव्ही८ एका फ्रेममध्ये मुळात ३०० च चौकटी देतो. ही मर्यादा बदलता येते, पण ती आहे हेच कित्येकांना ठाऊक नसते आणि आलेख ३०० वर सपाट झाला की गर्दी स्थिरावली असे वाटते. चित्राचे एकमेकांवर थोडे चढणारे आठ तुकडे करून तपासता येतात. मग वेळही त्या पटीत वाढतो आणि शिवेवरची डोकी दोनदा मोजली जातात. क्राउडह्यूमन या गर्दीच्या छायाचित्रांच्या संचावर फक्त डोक्यांसाठी शिकवलेला डिटेक्टर यात पुष्कळ बरा, हे मान्य करायला हवे. तरीही कल तोच राहतो. पडद्यापुढे बसलेल्या हवालदाराला आकडा उतरताना दिसतो आणि तो समजतो की माणसे पांगली.

घनता-नकाशाही चुकतो, पण बहुतेकदा उलट बाजूला. फुग्यांचा गुच्छ, कांद्याचा ढीग, पताकांची गर्द ओळ, रथावरच्या कोरीव मूर्ती, हे सगळे त्याला डोक्यांसारखे वाटते. फरक असा, की ही चूक पहाटे रिकाम्या मैदानावरच पकडता येते. शून्य यायला हवे तिथे ६० आले, तर नकाशा रंगवून बघायचा, कुठे उजळला ते दिसते. पत्र्यांवर, झाडांवर, दुकानांच्या माथ्यावर मास्क टाकायचा, म्हणजे तो भाग मोजणीतून झाकायचा, आणि त्या रिकाम्या फ्रेमा एकही टिंब (डोक्याची खूण) न देता मॉडेलच्या शिकवणीत घालायच्या. रथ हलता असल्याने त्यावर मास्क चालत नाही. तो जात असतानाच्या आठ-दहा फ्रेमा शिकवणीत हव्यातच.

तयार मॉडेल जसेच्या तसे लावू नये. अशी मॉडेले ज्यावर शिकवतात त्या शांघायटेक संचात ११९८ छायाचित्रे आणि ३,३०,१६५ डोकी आहेत, पण आपल्याकडच्या पांढऱ्या टोप्या, फेटे, डोक्यावरचे पदर त्यात मिळायचे नाहीत. आपल्याच कॅमेऱ्याच्या, वेगवेगळ्या वेळच्या ४० ते ५० फ्रेमांवर टिंबे द्यावीत. चारशे डोक्यांच्या फ्रेमला अर्धा-पाऊण तास जातो. नियम आधी ठरवून घ्यावा: टाळू दिसला तर टिंब, खांद्यावरच्या पोराला वेगळे टिंब, घोड्याला नाही. आणखी एक नेहमीची फसगत. सीएसआरनेटचा नकाशा मूळ चित्राच्या दोन्ही बाजूंनी एकअष्टमांश असतो. टिंबांवरून बनवलेला, शिकवणीतल्या बरोबर उत्तराचा नकाशा तेवढा लहान करताना ६४ ने गुणायला विसरले, की मॉडेल चौसष्टांश माणसे मोजायला शिकते.

संख्येहून ‘दर चौरस मीटरला किती’ हे महत्त्वाचे. ब्रिटनच्या क्रीडांगणांसाठीच्या ग्रीन गाइडमध्ये उभ्या प्रेक्षकांसाठी १० चौरस मीटरला ४७ ही कमाल मर्यादा आहे. गर्दीचे अभ्यासक फ्रुइन यांच्या मते एका चौरस मीटरला ७ च्या आसपास गर्दी द्रवासारखी वाहू लागते, तिथे माणसाचे स्वतःवर नियंत्रण राहत नाही. ही घनता काढायला मोजलेल्या अंतरांच्या चार खुणा घेऊन चित्र जमिनीच्या नकाशावर बसवतात. इथे बहुतेक जण खुणा जमिनीवर घेतात आणि फसतात. कॅमेरा ६ मीटरवर आणि डोके दीड मीटरवर असेल, तर १५ मीटरवर उभा माणूस २० मीटरवर असल्यासारखा दिसतो. म्हणून चार बांबू रोवावेत, प्रत्येकाला दीड मीटरवर लाल फीत बांधावी, टेपने अंतरे मोजावीत आणि त्या फितींवरच खुणा कराव्यात. डिटेक्टरच्या चौकटींनीही हे करता येते. पण त्यासाठी पाय कुठे आहेत ते कळावे लागते आणि गर्दीत पाय दिसतच नाहीत.

यंत्राच्या बाजूनेही घनता-नकाशा सोसतो. सीएसआरनेट जड आहे, पण मैदानाची गर्दी सेकंदागणिक बदलत नाही. दर १० सेकंदांना एक फ्रेम पुरते. ती कॅमेऱ्याच्या मुख्य (पूर्ण आकाराच्या) प्रवाहातून घ्यावी, दुय्यम (लहान केलेल्या) प्रवाहात लांबची डोकी चौकोनी डागांत विरून जातात. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीने वाचताना वेगळा थ्रेड (बाजूला सतत चालणारे काम) ठेवून फक्त शेवटची फ्रेम घ्यावी. नाहीतर साठलेल्या जुन्या फ्रेमा येत राहतात आणि आकडा मागे पडतो. रात्री दिव्यांची लहर दिसू नये म्हणून कॅमेऱ्यात ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्या विजेची वारंवारता, निवडावे.

आकड्यांवर सरासरी नको, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) हवा. ४१०, ४२५, १९००, ४३०, ४२० असे पाच आकडे आले, मधला एक गाडीच्या हेडलाइटने बिघडलेला, तर सरासरी ७१७ येते आणि मध्यक ४२५. किंमत म्हणजे सुमारे २० सेकंदांचा उशीर. इशाऱ्याचा उंबरठा तेवढा खाली ठेवला की तो भरून निघतो.

ढकलाढकली कधी सुरू होईल हे यातले कोणतेच सांगत नाही. १२ जानेवारी २००६ च्या, हजयात्रेत मिना येथे झालेल्या चेंगराचेंगरीच्या चित्रफितींवरून संशोधक हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गर्दी आधी थांबत-चालत लाटांनी सरकते आणि मग सगळीकडून हेलकावू लागते. त्यासाठी ऑप्टिकल फ्लो, म्हणजे फ्रेमागणिक हालचालीची दिशा-वेग काढणारी पद्धत, वेगळा जोडावा लागतो, आणि त्याला सलग फ्रेमा लागतात.

कॅमेरे दोन असतील तर दारावरचा डिटेक्टरला द्यावा. एकच असेल आणि जागा मैदानाची किंवा रथाच्या वाटेची असेल, तर मी तरी घनता-नकाशाच लावीन. यात्रेच्या आदल्या पहाटे रिकाम्या जागेची फ्रेम घेऊन आलेला आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, म्हणजे दिवसभर बसणाऱ्याला किती वजा धरायचे ते समोर दिसते.