कॅनन आर६ मार्क टू, सोनी ए७ फोर की निकॉन झेड६ थ्री? सांगली-मिरजेतल्या लग्नाच्या फोटोग्राफरसाठी

तुळशीचं लग्न जवळ आलं की सांगली-मिरजेतल्या फोटोग्राफरांच्या गप्पांत एकच विषय असतो. सीझन तोंडावर, डीएसएलआर थकलेला, आता मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्यायचाच, पण कुठला? बॉडीसाठी, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यासाठी, दोन-अडीच लाखांची तयारी असेल तर फिरून फिरून तीनच नावं पुढे येतात: सोनी ए७ फोर (२०२१), कॅनन आर६ मार्क टू (२०२२) आणि निकॉन झेड६ थ्री (२०२४). बाजारात आले तेव्हा तिघांच्याही बॉडीची किंमत अडीच लाखांच्या किंचित आत होती. २०२५ च्या शेवटी सोनीचा ए७ फाइव्ह आणि कॅननचा आर६ मार्क थ्री आल्यामुळे आधीच्या दोघांचे भाव आता बोलण्यासारखे झाले आहेत.

मी स्वतः कॅननवर काम करतो, हे आधीच सांगतो. पुढचं वाचताना तेवढी सूट धरा. सोनी आमच्या टीममधल्या दुसऱ्या फोटोग्राफरच्या गळ्यात असतो, त्यामुळे त्याच्या फाइल्स रोज माझ्याच कॉम्प्युटरवर उघडतात. निकॉन भाड्याने आणून वापरला. आणि खरं सांगायचं तर भाड्याचा कॅमेरा परत द्यायला माझा पाय निघत नव्हता.

हातात घेतल्यावर

नवीन बॉडी हातात आल्यावर पहिला तासभर कुणाचं काही ऐकू नये, मेनूही वाचू नये. नुसतं फिरावं. मी निकॉन घेऊन हरिपूरला संगमावर गेलो, भर दुपारी. कृष्णा-वारणेच्या पाण्यावरून ऊन असं परतत होतं की आधीच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधलं चित्र फिकट वाटलं असतं. इथे डोळा लावला आणि घाटाच्या दगडातला ओला-कोरडा फरक दिसला. झेड६ थ्रीचा व्ह्यूफाइंडर ५७ लाख ६० हजार डॉट्सचा आहे आणि ४००० निट्सपर्यंत (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजळतो. सोनी आणि कॅनन दोघांचे सुमारे ३६ लाख ९० हजारांचे. कागदावर हा आकडा मी कधीच मनावर घेतला नव्हता. उन्हात तो घ्यावा लागला.

पकड मात्र मला कॅननचीच आवडते. सोनीवर माझी करंगळी खाली अधांतरी राहते. लहान हातांना तो बरा पडेल. बॅटरी-कार्डासह सोनी ६५८ ग्रॅम, कॅनन ६७० आणि निकॉन ७६०. शंभर ग्रॅमचा फरक दुकानात जाणवत नाही. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत ७०-२०० लेन्स लावून मनगटाला विचारा.

मांडवातला उजेड

खरी परीक्षा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. त्यात हॉलवाल्यांनी स्टेजमागे एलईडी वॉल उभी केलेली, तिचा लुकलुकाट याहून कितीतरी वेगवान. कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर असेल तर सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आणि वाचायला जितका वेळ लागेल तितके फोटोत काळे-पिवळे पट्टे पडतात. नवरीच्या शालूवर आडवा पट्टा आला तर एडिटिंगवालाही हात टेकतो.

या बाबतीत ए७ फोर सर्वांत मागे आहे. त्याचा ३३ मेगापिक्सेलचा सेन्सर सावकाश वाचला जातो. सायलेंट मोडमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर, हलता हात तिरका येतो आणि एलईडीखाली पट्टे लवकर दिसतात. कॅननचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर बराच चपळ आहे. निकॉनचा ‘पार्शली स्टॅक्ड’ प्रकारचा सेन्सरही तितकाच चपळ, आणि व्हिडिओत त्याचा फायदा आणखी ठळक. लुकलुकाटाशी जुळवून शटरचा वेग बारीक पायऱ्यांनी लावायची सोय तिन्हींत आहे, ती शिकून घ्या. पण सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे स्टेजवर मेकॅनिकल शटर आणि १/१०० सेकंद. मंगलाष्टकांच्या आवाजात शटरची खटखट कुणाला ऐकू येणार आहे?

सायलेंट शटरची खरी गरज वेगळीकडे लागते. मिरजेत मिरासाहेब दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथे तंबोरा लागला असताना शटर वाजलं तर शेजारचा श्रोता ज्या नजरेने बघतो ती मला परत नको. अशी कामं करत असाल तर सोनी यादीत खाली जातो.

फोकसमध्ये तिघेही जुन्या डीएसएलआरच्या कितीतरी पुढे आहेत. मुंडावळ्यांचं उदाहरण घ्या. मोत्यांच्या सरी डोळ्यांसमोर लोंबत असतात आणि जुना कॅमेरा हमखास मोत्यांवर फोकस करायचा. नवरदेवाचे डोळे धूसर, मोती मात्र टवटवीत. आय डिटेक्शनमुळे हा त्रास तिन्हींत जवळपास संपतो. त्यातही डोळ्याला चिकटून राहण्यात मला कॅनन आणि सोनी सारखे वाटले. अंधारात मात्र निकॉन सरस. कंपनीच्या आकड्यांनुसार निकॉन उणे १० ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त) फोकस करतो, कॅनन उणे ६.५ आणि सोनी उणे ४. प्रत्येक कंपनी हे वेगळ्या लेन्सवर मोजते, तेव्हा आकडे शब्दशः घेऊ नका. पण वीज गेल्यावर वरातीत नुसत्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात निकॉन अडखळला नाही, हे मी पाहिलं आहे.

रंगाबद्दल वाद घालणाऱ्यांनी एकदा हळदीच्या कार्यक्रमात तिन्ही कॅमेरे शेजारी ठेवावेत. अंग पिवळं, मंडप पिवळा, झेंडूही पिवळा. ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो आणि निळसर झाक आणतो. कॅननच्या जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, त्वचा त्यातल्या त्यात माणसाची दिसते. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून नीट एडिट करणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पन्नास फोटो पाठवायचे असतील, आणि आपल्याकडे ते पाठवायचेच असतात, तर रोजचा अर्धा-पाऊण तास वाचतो.

३३ मेगापिक्सेल हवेतच का?

दुकानदार हा आकडा पहिल्यांदा सांगतो, म्हणून हिशेब करून टाकू. आपला नेहमीचा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा, म्हणजे एक पान १२ बाय १८. ते ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) छापायला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. कॅननची फाइल ६००० बाय ४०००, निकॉनची किंचित मोठी. एका पानाला दोन्ही पुरून उरतात. पूर्ण ३६ इंचांत एकच फोटो पसरवला तर कॅननला इंचामागे १६७ पिक्सेल मिळतात, सोनीला १९५. मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्या आत्याबाईंना यातला फरक दिसत नाही.

सोनीचे जादा पिक्सेल कामाला येतात ते क्रॉपमध्ये आणि वस्तूंच्या फोटोंत. मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागिराच्या सतारीचे फोटो काढत होतो. भोपळ्याच्या कडेला बसवलेली नक्षीची पट्टी, त्यात कोरलेली वेल, वेलीच्या पानाची नखाएवढी शीर. सोनीच्या फाइलमध्ये ती शीर आणि तिच्यात अडकलेला पॉलिशचा थेंब दोन्ही सुटे दिसले. कॅटलॉग, दागिने, बेदाण्याच्या पाकिटांची जाहिरात अशी कामं जास्त असतील तर सोनीच घ्या. पण एक लक्षात ठेवा: सोनीचा सेकंदाला १० फोटोंचा वेग फक्त कॉम्प्रेस्ड रॉमध्ये मिळतो. लॉसलेस रॉ निवडलं की तो बराच उतरतो.

निकॉनचंही एक उणं याच जागी दाखवतो. सेन्सर चपळ करण्याच्या बदल्यात आयएसओ १०० वर (आयएसओ म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता) काढलेल्या फोटोतल्या सावल्या एडिटिंगमध्ये खूप उजळल्या तर त्याच्यात बाकी दोघांपेक्षा जास्त दाणे दिसतात. पहाटे नदीकाठी प्रीवेडिंग, पाठीमागे उगवता सूर्य आणि जोडी काळोखात, अशा वेळी ते जाणवेल. छोटा फ्लॅश किंवा रिफ्लेक्टर बरोबर ठेवला तर तक्रार राहत नाही.

कुस्ती आणि शर्यती

लग्नाचा सीझन संपला की आपल्यातले बरेच जण यात्रांच्या कामाला लागतात. कुंडलच्या मैदानात ज्याने फोटो काढलेत त्याला माहीत आहे, ढाक हा डाव लागला हे डोळ्याला कळून बोट दाबेपर्यंत पैलवान पाठीवर पडलेला असतो. इथे प्री-कॅप्चर नावाची चीज कामाला येते. शटर अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा आतल्या आत फोटो साठवत राहतो, आणि पूर्ण दाबलं की दाबण्याच्या आधीचे क्षणही कार्डावर येतात. कॅननमध्ये रॉ बर्स्ट मोडवर सेकंदाला ३० फोटो, आधीच्या अर्ध्या सेकंदासकट. निकॉनमध्ये एक सेकंद मागेपर्यंत, पण जेपेगमध्ये. पूर्ण फ्रेमवर सेकंदाला ६०. सोनी ए७ फोरमध्ये ही सोयच नाही. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा मी मैदानातच स्क्रीनवर फोटो मागे-पुढे करत बसलो, आणि तेवढ्यात पुढची जोड लागून गेली.

बैलगाडा शर्यतींना २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरवा कंदील दिल्यापासून तीही कामं वाढली. कॅननच्या प्राणी ओळखण्याच्या यादीत कुत्रा, मांजर, पक्षी, घोडा आहे. बैलाचं नाव मात्र तिघांच्याही यादीत नाही! मी गाडीवानाच्या तोंडावर फोकस ठेवतो, काम होतं.

व्हिडिओसाठी निवड सरळ आहे. सोनीत ४के ३० उत्तम, पण ४के ६० वर चित्र दीडपट कापलं जातं. लहान हॉलमध्ये मागे सरकायला जागा नसते तेव्हा ते नडतं. कॅननमध्ये ४के ६० पूर्ण रुंदीत. निकॉनमध्ये तेही आहे, शिवाय कापलेल्या फ्रेममध्ये ४के १२० आणि आतल्या आत ६के रॉ. सिनेमॅटिक हायलाइटवर पैसे कमावणाऱ्याने निकॉनकडेच बघावं.

लेन्स, कार्ड, बॅटरी

बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स मागे राहते, तेव्हा कपाट उघडून बघा. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स असतील तर त्याच कंपनीच्या ॲडॉप्टरवर त्या आर६ मार्क टूवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. आपल्या भागातल्या जुन्या स्टुडिओंत ७०-२०० आणि २४-७० ईएफच्याच जास्त, त्यामुळे निम्म्या लोकांचा निर्णय इथेच होतो. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड ॲडॉप्टरवर चालतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सना ऑटोफोकस मिळत नाही. ५० एमएम एएफ-डी जपून ठेवलेल्यांनी हे आधी ऐकून घ्यावं.

कपाट रिकामं असेल तर सोनीसारखा सोयीचा माउंट (लेन्स बसवायची जागा) नाही. सिग्मा आणि टॅमरॉनच्या फुल फ्रेम लेन्सची रांग आहे, नवी-जुनी दोन्ही मिळते. निकॉनसाठी टॅमरॉनच्या काही आहेत. कॅनन आरएफसाठी (कॅननच्या मिररलेसच्या माउंटसाठी) सिग्मा-टॅमरॉनने काढलेल्या ऑटोफोकस लेन्स लहान सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमवाल्याला ऑटोफोकससाठी मुख्यतः कॅननची स्वतःची आरएफ लेन्स किंवा जुनी ईएफ एवढेच मार्ग उरतात. कॅननवर माझा सर्वांत मोठा राग याच गोष्टीचा आहे.

कॅननमध्ये दोन्ही स्लॉट साध्या एसडी कार्डाचे. सोनीचे दोन्ही एसडी घेतात. निकॉनचा एक स्लॉट सीएफएक्स्प्रेस टाइप बीचा, ते कार्ड महाग, त्याचा रीडर वेगळा, आणि लग्नाच्या रात्री कुणाकडे उसनं मागायची सोय नाही. बॅटरीत सोनी पुढे: कंपनीच्या मोजणीत व्ह्यूफाइंडरवर ५२० फोटो, निकॉन ३६०. कॅननमध्ये तुमच्या ६डी किंवा ८०डीच्या जुन्या एलपी-ई६ बॅटऱ्या चालतात, फक्त वेग थोडा कमी होतो.

मग कुठला?

ईएफ लेन्सवाला लग्नाचा फोटोग्राफर: कॅनन, फार विचार न करता. नव्याने सुरुवात आणि पैसे मोजून-मापून: सोनी, सोबत टॅमरॉनची २८-७५. व्हिडिओ, मैदान आणि रात्रीची कामं जास्त: निकॉन, फक्त एका सीएफएक्स्प्रेस कार्डाचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. मला आज शून्यातून सुरुवात करायची असती तर मी निकॉन घेतला असता, कॅननवाला असूनही.

घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणा आणि एखाद्या खऱ्या कामात दुसरा कॅमेरा म्हणून चालवा. सेकंडहँड बघत असाल तर एफ१६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढून कॉम्प्युटरवर मोठा करून बघा. हळदीत आणि भंडाऱ्यात फिरलेल्या बॉडीच्या सेन्सरवर डाग असतातच. ब्लोअरने उडाले तर ठीक, चिकटून बसले असतील तर सफाईचा खर्च किमतीतून वजा करायला लावा. बिल जीएसटीसह आणि सिरियल नंबर लिहिलेलं असेल तरच पैसे द्या.