न्यू जर्सी: लहानपणच्या लैंगिक अत्याचाराचा दावा, वकिलांचा अनुभव (५ पैकी ४)

सप्टेंबर २०२१. जिथे पाहावं तिथे वकिलांची एकच जाहिरात: ३० नोव्हेंबरच्या आत दावा करा. मी तेव्हा ४६ वर्षांची. घाबरून एका मोठ्या ऑफिसला फोन केला. तीन दिवसांत तीन माणसांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी फोन ठेवला आणि दोन दिवस मला अन्न गेलं नाही. असं कुणी वागत असेल तर सरळ दुसरीकडे जा.

नंतर मैत्रिणीने दोन वकिलांचं छोटं ऑफिस सुचवलं. नाव उघड लिहीत नाही, कारण माझा दावा आद्याक्षरांवर चालला. इथल्या कायद्यात तशी सोय आहे.

वकीलबाई पहिलंच वाक्य बोलल्या, "तुम्हाला घाई नाही." मे २०१९ मध्ये सही झालेल्या कायद्याने दाव्याची मुदत वयाच्या ५५ वर्षांपर्यंत नेली, आणि ती जुन्या घटनांनाही लागू आहे. ३० नोव्हेंबरला संपणारी दोन वर्षांची खास सवलत त्याही पलीकडे गेलेल्यांसाठी होती. ही गोष्ट आधीच्या तिघांपैकी एकानेही सांगितली नव्हती! अत्याचार करणारा, मला पोहायला शिकवणारा माणूस आता हयात नाही, पण त्याच्या संस्थेच्या हलगर्जीपणावर दावा लावता येतो, हेही त्यांनीच समजावलं. फी दावा जिंकला तरच, खर्च वजा जाता एक-तृतीयांश.

सांगताना माझं इंग्रजी आटलं. ते घडलं तेव्हा दादरहून येऊन दोनच वर्षं झाली होती. त्या वयातलं सगळं माझ्या आत मराठीतच आहे. "मराठीत बोला, मी ऐकते," म्हणाल्या. एक अक्षर कळत नसताना वीस मिनिटं पेन खाली ठेवून ऐकत बसल्या. मग मी तेच इंग्रजीत सांगितलं. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

पुरावा म्हणून बाबांची चेकची वही नेली होती. १९८६ चा उन्हाळा, दर सोमवारी बाबांच्या तिरक्या अक्षरात 'पोहणे, १२ डॉलर'. बाबा गेले, त्यांना मी कधीच सांगितलं नाही. वकीलबाईंनी प्रत्येक पान हलक्या हाताने उलटलं.

एक स्टार कापला तो फोनसाठी. मधल्या काळात तीन-तीन आठवडे उत्तर नसायचं, आणि अशा दाव्यात ते फार जीवघेणं होतं.

तडजोड झाल्यावर वही परत आली, प्रत्येक पानावर पारदर्शक कव्हर घालून.