पीस कोअरनंतर मास्टर्स: मोठ्या शहरातली फी-सवलत की छोट्या गावातली पगारी इंटर्नशिप?

मास्टर्सचे दोन्ही अर्ज मी वारुळावर बसून पाठवले. तेव्हा मी पीस कोअरचा, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, स्वयंसेवक होतो. झांबियाच्या उत्तर भागात, कासामा शहरापासून बरीच आत माझी साइट, म्हणजे नेमणुकीचं गाव, होती आणि फोनला रेंज यायची ती गावाबाहेरच्या एका उंच वारुळाच्या माथ्यावरच. डिसेंबर म्हणजे तिथे भर पावसाळा. ट्रान्सक्रिप्टची पीडीएफ अर्धी चढली की आभाळ भरून यायचं आणि मी फोन शर्टात कोंबून खाली उतरायचो. अशा परिस्थितीत कुठल्याच विद्यापीठाला धड प्रश्न विचारता आले नाहीत. जो एक प्रश्न विचारायलाच हवा होता, तो मी अमेरिकेत परतल्यावर, पहिलं सेमिस्टर अर्धं संपल्यावर विचारला. तुमचे सेवेचे सत्तावीस महिने संपत आले असतील, किंवा संपून वर्षं लोटली असतील, तर तो तुम्ही आधी विचारावा असं मला मनापासून वाटतं.

कव्हरडेल फेलोशिप, म्हणजे परतलेल्या स्वयंसेवकांना पुढच्या शिक्षणासाठी मिळणारी मदत, तुम्हाला माहीत असेलच. सीओएसच्या, म्हणजे सेवा संपण्याच्या, वेळी तिची माहिती मिळतेच. पण एक गोष्ट माझ्यासकट अनेकांच्या ध्यानात उशिरा येते: यातला पैसा पीस कोअरचा नसतो, विद्यापीठाचा असतो. १९८५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात हे सुरू झालं ते परतलेल्या स्वयंसेवकांना न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिक्षक म्हणून आणण्यासाठी. पुढे इतर विद्यापीठं आली, प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि गरजेप्रमाणे बेत आखला. पीस कोअरचे माजी संचालक आणि नंतर सिनेटर झालेले पॉल कव्हरडेल यांचं नाव सगळ्यांना सारखंच लागतं, म्हणून आतला मालही सारखाच असेल असा समज होतो. तसं नाही. एकीकडे फीचा काही भाग माफ होतो आणि बाकी तुमचं तुम्ही बघायचं असतं. दुसरीकडे फी पूर्ण माफ, वर असिस्टंटशिपचं, म्हणजे विद्यापीठातल्याच अर्धवेळ कामाचं, मानधन आणि नंतर पगारी इंटर्नशिप. माझ्याकडे या दोन टोकांची दोन पत्रं आली होती.

पहिलं पत्र मोठ्या शहरातल्या, नावाजलेल्या खाजगी विद्यापीठाचं. एक तृतीयांश फी माफ. मी तेच निवडलं. नावाचा मोह होता हे खरं, आणि घरच्यांनाही ते नाव ओळखीचं होतं. शिकवणारी माणसं खरोखर उत्तम होती, ग्रंथालय रात्री दोनपर्यंत उघडं असायचं, आणि जागतिक संस्थांत काम केलेले लोक व्याख्यानाला येऊन नंतर कॉफीला थांबायचे. वॉशिंग्टनमध्ये किंवा एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत जायचं हे ज्याचं पक्कं आहे, त्याला हे सगळं फार उपयोगी पडेल. आधी कर्ज नसेल आणि घरून थोडा हातभार असेल, तर मी त्याला अडवणार नाही.

मला तिथून उठवलं ते इंटर्नशिपनं.

फेलोशिपची ही मूळ अट आहे: शिकत असताना अमेरिकेतल्याच एखाद्या वंचित वस्तीत काम करायचं. अट मला पटते. पीस कोअरच्या तीन उद्दिष्टांतलं तिसरं, बाहेरच्या जगाची समज घरी परत आणणं, ते इथे प्रत्यक्षात उतरतं. पण त्या विद्यापीठात ही जागा आपली आपण शोधायची होती आणि काम बिनपगारी होतं. सप्टेंबरभर मी दवाखान्यांना, अन्नपेढ्यांना, भाडेकरू संघटनांना मेल करत होतो. हळूहळू चित्र उलगडलं. ज्या संस्थांकडे विद्यार्थ्यावर देखरेख करायला माणूस होता, त्यांच्याकडे समाजकार्याचे विद्यार्थी आधीच बसलेले होते, कारण त्या विभागांचे संस्थांशी वर्षानुवर्षांचे करार असतात आणि ते सांभाळायला स्वतंत्र कचेरी असते. ज्या संस्थांना माणसाची खरी गरज होती, त्यांच्याकडे मला काम समजावून सांगायलाही कुणाला फुरसत नव्हती.

सातव्या आठवड्यात एक जागा मिळाली. दोन बस बदलून जावं लागे. एका भाडेकरू संघटनेची एका खोलीची कचेरी, आणि ती चालवणाऱ्या एकच बाई. आठवड्याला बारा तास काम, आणि दर शुक्रवारी तासांचा तक्ता त्यांच्या सहीनिशी विभागात द्यायचा. एका शुक्रवारी मी तक्ता घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा होतो. त्या फोनवर होत्या. पलीकडच्या घरात हीटर तीन दिवस बंद होता आणि लहान मूल होतं. त्यांनी फोन खांद्यात धरला, एका हातानं घरमालकाचा नंबर शोधला, दुसऱ्या हातानं माझ्याकडे पेनाची खूण केली. सही केली. मग कागद उलटवून पाहिला, कारण मागच्या बाजूला माझ्या ‘शिकण्याच्या उद्दिष्टांवर’ चार ओळींचा अभिप्रायही लिहायचा होता. तोही त्यांनी लिहिला, फोन कानाला असतानाच.

झांबियात आम्हाला पहिल्या आठवड्यापासून एक गोष्ट शिकवली होती: ज्यांच्या मदतीला आलात, त्यांच्यावर आपला भार टाकू नका. माशांची तळी खणताना मी शेतकऱ्याच्या वेळेनं जायचो, त्याच्या कुदळीला कुदळ लावायचो, त्याची पेरणी आली की माझं मत्स्यपालन बाजूला ठेवायचो. आणि इथे एका दमलेल्या बाईंकडून मी माझ्या पदवीसाठी दर आठवड्याला अर्धा तास काढून घेत होतो. संध्याकाळी भाड्यासाठी दुसरी नोकरी, त्यामुळे त्यांच्या कचेरीत जास्तीचं थांबून त्याची भरपाई करणंही शक्य नव्हतं. फी, अंतर, थकवा यांचं मी काहीतरी जमवलं असतं. हे मात्र मला सोसेना.

दुसरं पत्र मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठाचं होतं. या पद्धतीचं सगळ्यात माहितीचं उदाहरण म्हणजे इलिनॉयमधल्या नॉर्मल गावी असलेल्या इलिनॉय स्टेट विद्यापीठाचं स्टीव्हनसन सेंटर. तिथे आधी कॅम्पसवर असिस्टंटशिपसह अभ्यासक्रम आणि मग अकरा महिन्यांची पगारी इंटर्नशिप असते. माझं विद्यापीठ त्याच धर्तीचं, नाव थोडं कमी ऐकलेलं.

फरक कागदावर किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात मोठा आहे. यजमान संस्था इंटर्नसाठी स्वतः पैसे मोजते, म्हणजे तिच्याकडे काम ठरलेलं असतं आणि ते झालं नाही तर तिचं नुकसान असतं. जागा विद्यापीठाची माणसं जुळवतात. मी दुसऱ्या वर्षी एका छोट्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, विकास कचेरीत होतो. गावातलं एकमेव किराणा दुकान बंद पडलं होतं आणि लोकांनी मिळून सहकारी दुकान काढलं तर चालेल का, हे मला शोधायचं होतं. पहिल्याच दिवशी टेबल, किल्ली आणि काउंटीचा नकाशा हातात आला. ज्यांच्या हाताखाली होतो त्या बाई म्हणाल्या, “ऑक्टोबरच्या बैठकीत तुला हे मांडायचंय.” आजवर मला कुणी केलेलं इतकं नेमकं स्वागत आठवत नाही. पुढचे दोन महिने मी दारोदार जाऊन विचारत होतो की दूध कुठून आणता, किती मैल जाता, गाडी नसली तर काय करता. झांबियात तळ्याच्या कडेला बसून शेतकऱ्याशी बोलायचो तसंच हे बोलणं होतं. त्या कामाचे कष्ट होते, पण ते ओळखीचे कष्ट होते.

वर्गाचंही तसंच. मोठ्या शहरात आम्ही फेलो वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले, महिन्यातून एकदा पिझ्झ्यावर भेटायचो. इथे एका टेबलाभोवती आठ जण, सहा देशांतून परतलेले, आणि सगळ्यांचा विषय एकच. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, सुपरमार्केटमधल्या मालाच्या लांबलचक रांगा बघून जीव गुदमरतो असं म्हटल्यावर मान हलवणारी माणसं आसपास असणं किती मोलाचं असतं, हे ज्यानं ते वर्ष काढलंय त्याला सांगायला नको.

उणिवा आहेतच. विषयांची निवड तुटपुंजी. गाडी लागतेच. हिवाळा कडक. ट्यूशन फी माफ झाली तरी विद्यापीठाचं इतर शुल्क माफ होतंच असं नाही, त्याचं बिल दर सेमिस्टरला येतं. मानधनावर कर लागतो, फी-माफीवर सहसा लागत नाही. आणि आंतरराष्ट्रीय विकासात परत जायचं असेल तर इथून ओळखी कमी मिळतात. माझ्या वर्गातल्या एकीला त्याची खंत अजून आहे.

या दोन्हींखेरीज आणखी दोन वाटा विचारात घ्याव्यात. पहिली, आधी केंद्र सरकारची नोकरी. परतलेल्यांना स्पर्धेशिवाय नेमणूक मिळण्याची पात्रता असते. ती केनेडींच्या १९६३ सालच्या कार्यकारी आदेशातून आली. मी परतलो तेव्हा तिची मुदत एक वर्ष होती आणि पूर्णवेळ शिकायला गेलात तर नेमणूक करणारं खातं ती वाढवू शकत असे. फेलोशिपच्या पात्रतेला मात्र मुदतच नाही. म्हणजे घाई कशाची करायची आणि कशाची नाही, हे तिथेच ठरतं. सरकारी नोकरीचं मन असेल तर आधी तिचं दार ठोठवा, मास्टर्स दहा वर्षांनीही करता येईल.

दुसरी वाट संशोधनाची. माझ्या गटातला एक जण कव्हरडेलचं नावही न काढता मत्स्यशास्त्राच्या विभागात रिसर्च असिस्टंट म्हणून गेला. पूर्ण फी माफ, मानधन, आणि स्वतःची प्रयोगतळी. विज्ञानातच राहायचं असेल तर मला वाटतं फेलोशिपपेक्षा चांगला मार्गदर्शक शोधावा. आणि हो, ‘मास्टर्स इंटरनॅशनल’ची जुनी पानं कुठे दिसली तर त्यात वेळ घालवू नका. शिक्षणाच्या मधोमध सेवा करण्याची ती योजना २०१६ साली बंद झाली.

पैशाबद्दल दोनच गोष्टी. अमेरिकेतच सेवा करणाऱ्या अमेरिकोअरच्या मित्रांना मिळतो तो सीगल शिक्षण-पुरस्कार आपल्याला मिळत नाही. आपल्याकडे असतो तो सेवेनंतरचा पुनर्वसन भत्ता, आता दहा हजार डॉलरच्या वर, आणि मोठ्या शहरात तो बघता बघता भाड्यात विरतो. पदवीच्या वेळचं सरकारी कर्ज असेल आणि सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरल्यावर मिळणाऱ्या कर्जमाफीसाठी हप्ते मोजत असाल, तर शिकायला गेल्यावर कर्जफेड सहसा आपोआप स्थगित होते आणि मोजणी थांबते. आधीच अडकलेल्या माणसानं एक तृतीयांश सवलतीसाठी नवं कर्ज काढावं का, याचं उत्तर मी माझ्यापुरतं ‘नाही’ असं दिलं.

सगळ्याच मोठ्या शहरांत माझ्यासारखाच अनुभव येईल असं नाही. मेरीलंड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेचा (यूएमबीसी) श्रायव्हर पीसवर्कर कार्यक्रम मोठ्या शहराशीच जोडलेला आहे आणि सेवेची जागा हा त्याचा गाभाच आहे. न्यूयॉर्कमध्ये शिक्षक म्हणून गेलेल्यांना शाळेचा पगार मिळतो. म्हणून शहर की गाव यापेक्षा मी एवढंच विचारेन: इंटर्नशिपची जागा कोण शोधतं, आणि तिचे पैसे कोण देतं?

हे मी त्या पहिल्या विद्यापीठात नोव्हेंबरमध्ये विचारलं. उत्तरात संकेतस्थळाचा दुवा आला. मग राज्य विद्यापीठाच्या समन्वयकांना, ज्यांना मी एप्रिलमध्ये नकार कळवला होता, संकोचतच मेल केला. त्यांनी उलट टपाली दुसऱ्या वर्षाच्या एका फेलोचा फोन नंबर दिला. ती जेवणाच्या सुट्टीत, तिच्या कचेरीतूनच बोलली. चौथा महिना चालू होता, काम काय ते तिनं तीन वाक्यांत सांगितलं, महिन्याचा आकडाही न लाजता सांगितला, आणि मग म्हणाली, “थांब, मला एक वाजता शेतकऱ्यांची बैठक आहे, संध्याकाळी परत फोन करते.” केला.

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी मी भाडेकरू संघटनेच्या कचेरीत गेलो तेव्हा सोबत तक्ता नव्हता. दिवसभर थांबून त्यांची तीन वर्षांच्या तक्रारींची कागदपत्रं तारखेप्रमाणे लावून दिली. दोन विषयांचे क्रेडिट पुढे नव्या ठिकाणी धरले गेले, तिसऱ्याचे बुडाले. ऑगस्टपर्यंत एका गोदामात काम केलं आणि मग मिडवेस्टची बस पकडली.